फुली आणि गोल

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाला विसरभोळा म्हणणं म्हणजे त्याच्या पोटावर पाय देणं, असं मी मुलीला फोनवर स्पष्ट सांगितलं. तिनं ते या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं.

"ते राहू द्या, बाबा. मघाशी सांगितलेले तीन शब्द सांगा बघू."

ही तिची नवी खोड. ती एका मोठ्या दवाखान्यात नोंदणीच्या टेबलावर बसते. स्वतःचा पत्ता विसरलेली म्हातारी माणसं रोज तिच्यासमोर येऊन उभी राहतात आणि त्यातल्या प्रत्येकात तिला मी दिसतो. म्हणून फोन लागला की ती आधी तीन शब्द सांगते, मग जेवणखाण, नातवाची शाळा असं इकडचं तिकडचं बोलते, आणि फोन ठेवायच्या आधी परीक्षा घेते.

"चमचा, ढग, सायकल," मी म्हणालो. "आता तुझ्या नवऱ्याला विचार, तुमच्या लग्नाची तारीख कोणती. बघू कोण नापास होतं."

ती हसली. पण हसता हसता तिनं आमच्या ठरावाची आठवण करून दिलीच.

ठराव असा होता. तिची आई गेल्यावर थोड्याच दिवसांत मी एकदा, एकदाच, गॅसवर पातेलं ठेवून दुकानात निघून गेलो. खिडकीचा पडदा जळाला, भिंत काळी झाली, त्यापलीकडे काही नाही. पण शेजाऱ्यांनी मुलीला कळवलं आणि ती नेसत्या कपड्यांनिशी धावत आली. आता इथं एकटं राहायचं नाही, माझ्याकडे चला, हे तिचं पालुपद. मी भांडलो, रुसलो, एक वेळ जेवलो नाही. शेवटी तोडगा निघाला. यापुढे एकदा जरी असं काही विसरलो, तर मी हूं की चूं न करता तिच्याकडे राहायला जायचं. घर भाड्यानं द्यायचं, दुकान बंद करायचं. मी शब्द दिला, कारण यात आपण हरूच शकत नाही असं मला वाटत होतं.

आणि आता मागच्या खोलीत, टेबलावर ठेवलेल्या पिवळ्या पेटीत, अंडी माझा हात न लागता फिरत होती.

ही अंडी नीट समजावून सांगायला हवीत. माझी बायको लग्न होऊन या घरात आली तेव्हा तिच्याबरोबर कपड्यांची ट्रंक आली आणि एक कोंबडी आली. माझ्या आईनं ट्रंकेचं कौतुक केलं आणि कोंबडीकडे बघून नाक मुरडलं. त्या कोंबडीच्या पायांवर बोटांपर्यंत पिसं होती, मोजे घातल्यासारखी. पुढे तिची पोरं, नातवंडं, पतवंडं मागच्या अंगणात नांदली. बाहेरून कोंबडा आणला तरी पिल्लांतली मोजेवाली तेवढी बायको ठेवून घ्यायची आणि बाकीची वाटून टाकायची. तिच्या माहेरचं आता काहीच उरलेलं नव्हतं, माणसं नाहीत आणि घरही नाही. त्या कोंबड्याच तेवढ्या होत्या.

ती गेली आणि कोंबड्या माझ्या गळ्यात पडल्या. मला त्यांचा लळाबिळा काही नव्हता. मी दाणे टाकायचो आणि त्या माझ्याकडे भाडं मागायला आलेल्या घरमालकाकडे बघावं तशा बघायच्या. एक दिवस दुकानातून घरी आलो तर खुराड्याचं दार मोडलेलं आणि अंगणभर पिसं. भटकी कुत्री घुसली होती. एकही वाचली नाही. मी झाडू घेऊन पिसं गोळा केली आणि मग पायरीवर बसून पोटभर रडलो. बायको गेली तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं, तेव्हा रडायला सवड मिळाली नव्हती.

स्वयंपाकघरातल्या टोपलीत मात्र त्यांची गेल्या आठवड्यातली अंडी पडून होती. एकटा माणूस किती अंडी खाणार? माझ्या दुकानाला लागून कोंबड्यांचं खाद्य विकणाऱ्याचं दुकान आहे. त्याला सगळे खाद्यवालाच म्हणतात, खरं नाव त्याच्या बायकोला तरी ठाऊक असेल की नाही कोण जाणे. त्याला मी हे सांगितलं तेव्हा तो गल्ल्यावरून उठून उभाच राहिला.

"काका, टाकू नका ती. आठवड्याभराची अंडी अजून धरतात. माझ्याकडे जुना इन्क्युबेटर पडलाय, घेऊन जा."

इन्क्युबेटर म्हणजे पिवळ्या प्लॅस्टिकची एक बसकी पेटी. वर पारदर्शक झाकण, आत ऊब देणारी तार, एक बोटभर पंखा, पाण्यासाठी पन्हळ आणि तापमान दाखवणारे लाल आकडे. अंडी आपोआप फिरवणारी त्याची मोटर जळलेली होती. "हातानं फिरवा," खाद्यवाला म्हणाला. "तुम्हाला काय, जन्मभर किल्ल्याच फिरवल्यात."

काम माझ्या स्वभावाला मानवणारं होतं. कोंबडी दिवसभर चोचीनं अंडी उलटीपालटी करत असते. तशी केली नाहीत तर आतला जीव कवचाला चिकटून मरतो. म्हणून प्रत्येक अंड्यावर एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढायचा, पेन्सिलीनं, कारण शाई कवचातून आत उतरते. सकाळी सगळ्या फुल्या वर, दुपारी सगळे गोल वर, संध्याकाळी पुन्हा फुल्या. दुसऱ्या दिवशी याच्या उलट, म्हणजे रोज रात्री तीच बाजू खाली राहत नाही. पेटीवरचे आकडे साडेसदतीस दाखवत होते. कोणतंही यंत्र स्वतःबद्दल जे सांगतं त्यावर मी कधी विश्वास ठेवत नाही, म्हणून आत वेगळा थर्मामीटर ठेवला. तोही साडेसदतीसच म्हणाला. पहिले काही दिवस सगळं काट्यासारखं चाललं.

मग एका दुपारी जेवायला घरी आलो, गोल वर करायला म्हणून पेटीजवळ गेलो, तर सगळे गोल आधीच वर होते.

मी होतो तिथंच उभा राहिलो. पहिला विचार मनात आला तो अंड्यांचा नव्हे, मुलीचा. सकाळी मी फुल्या वर केल्या होत्या की नव्हत्या? केल्या होत्या. नक्की? नक्की. मग मधे येऊन फिरवून गेलो आणि विसरलो? दुकानातून उठलोच नव्हतो. की उठलो होतो? हा प्रश्न एकदा डोक्यात शिरला की माणसाचा स्वतःवरचा भरवसा उडतो, आणि भरवसा उडालेला माणूस म्हणजेच मुलगी म्हणते तसला म्हातारा. मी जेवलो नाही. संध्याकाळी मुलीचा फोन आला तेव्हा तिचे तीन शब्द मी तळहातावर लिहून घेतले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं. तिसऱ्या दिवशी मी माझ्या धंद्यातली युक्ती केली. मनगटी घड्याळाचा सेकंदकाटा केसाइतका बारीक असतो. तसा एक काटा चिमट्यानं उचलून पेटी आणि झाकण यांच्या फटीवर आडवा ठेवला. झाकण कुणी नखभर उचललं तरी तो खाली पडलाच पाहिजे, आणि पडलेला तो काटा भिंगाशिवाय कुणाला सापडणार नाही. खोलीला कुलूप लावून किल्ली खिशात घातली. दुपारी आलो, कुलूप उघडलं, डोळ्याला भिंग लावलं. काटा होता तिथंच, तस्साच होता. आत सगळी अंडी फिरलेली होती.

नुसती फिरलेली नव्हती. मी अंडी जागच्या जागी फिरवायचो. त्यात एक जरा लांबुडकं अंडं होतं, ते मी पहिल्या दिवशी कोपऱ्यात ठेवलं होतं. ते आता मधोमध आलं होतं. नीट पाहिलं तेव्हा ध्यानात आलं की कडेची सगळी मधे आली होती आणि मधली कडेला गेली होती.

माझ्या अंगावर काटा आला. कारण असं कोण करायचं ते मला माहीत होतं. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसली की बायको रोज तिच्या पोटाखाली हात घालायची आणि कडेची अंडी मधे, मधली कडेला करायची. कोंबडी तिला चोच मारायची नाही. "सगळ्यांना मधली ऊब मिळायला नको का?" ती म्हणायची.

मी खोलीबाहेर आलो, दार ओढून घेतलं आणि अंगणात जाऊन उन्हात उभा राहिलो. त्या दुपारी मी दुकान उघडलं नाही. कुणाचं घड्याळ उघडायची माझी हिंमत नव्हती.

अंड्यांना दिवा लावून बघायच्या दिवशी खाद्यवाला स्वतः आला. खोलीचे पडदे ओढले, अंधार केला, आणि तो एकेक अंडं टॉर्चवर धरून बघू लागला. आत लाल दोऱ्यांचं जाळं आणि त्याच्या मधोमध एक काळा ठिपका हलत होता. त्याचं तोंड उघडंच राहिलं. "काका, एकही वाया गेलेलं नाही. एकही नाही. माझ्याकडे मोटर चालू असतानासुद्धा चार-दोन रिकामी निघायची. हात आहे बुवा तुमचा."

त्यानं पडदे उघडले आणि पेटीचं झाकण परत लावताना तो थबकला. झाकणाला आतून वाफ धरलेली होती आणि त्या वाफेत एका हाताचा पंजा उमटलेला होता.

"हे काय? आतून हात कसा टेकवलात?"

"पुसताना लागला असेल," मी म्हणालो.

त्यानं स्वतःचा पंजा वरून त्यावर धरून पाहिला, मग माझ्या हाताकडे पाहिलं. तो पंजा आमच्या दोघांच्याही हातांपेक्षा बराच लहान होता आणि करंगळी बाहेर वाकलेली होती. जाताना, चपला घालता घालता, एरवीपेक्षा हळू आवाजात तो म्हणाला, "एक लक्षात ठेवा. शेवटचे तीन दिवस अंडी अजिबात फिरवायची नाहीत. झाकणसुद्धा उघडायचं नाही. पिल्लू तेव्हा आत चोच वर करून बसलेलं असतं, अंड्याच्या जाड टोकाला हवेची पोकळी असते तिकडे तोंड करून. त्या वेळी फिरवलं तर त्याची दिशा चुकते. चोच पोकळीत न जाता पाण्यात जाते आणि ते आतल्या आत गुदमरतं. कुणालाही हात लावू देऊ नका. कुणालाही."

माझ्या बायकोची करंगळी विळ्यानं कापून वाकडी जुळलेली होती.

इथून पुढचे दिवस मी कसे काढले ते सांगायला मला थोडी लाज वाटते, कारण भीती लवकरच गेली आणि तिच्या जागी सुख आलं. मी अंड्यांना हात लावायचं सोडून दिलं. गरजच नव्हती. पन्हळीतलं पाणीसुद्धा कधी आटलेलं दिसायचं नाही. दुपारी घरी आलो की कुलूप उघडायच्या आधी मी खाकरायचो, घरात बाईमाणूस असताना खाकरून आत जातात तसं, आणि मग उंबऱ्यात जरा थांबायचो. पेटीपाशी एक खुर्ची होती. तिच्या बैठकीवर हात ठेवून बघायचो. ती उबदार असायची. त्या खोलीत ऊन येत नाही, आणि पेटीची ऊब खुर्चीपर्यंत पोचत नाही, हे मी थर्मामीटर लावून पाहिलं होतं. शेजारी पाट ओढून तिथंच जेवायचो. पुष्कळ दिवसांनी जेवणाला चव आली होती.

पण मी तिच्याशी बोललो मात्र नाही. एक शब्द नाही. त्याला कारण होतं. मुलीनं एकदा मला सांगितलं होतं, "बाबा, आमच्याकडे येणारे ते आजोबा, त्यांची सुरुवात कशी होते माहितीये? गेलेल्या बायकोशी बोलायला लागतात. एकदा ते सुरू झालं की मग संपलंच." म्हणून मी तोंड मिटून होतो. न बोलता बसणाऱ्या माणसावर काहीही सिद्ध करता येत नाही. जोपर्यंत मी बोलत नव्हतो तोपर्यंत हे घर माझं होतं, दुकान माझं होतं, आणि ती खुर्चीही माझ्याजवळ होती.

शेवटच्या तीन दिवसांच्या तोंडावर मुलगी आली. रजा काढून आले, पिल्लं फुटताना बघायचीत, असं ती म्हणाली. पिल्लं बघायची होतीच तिला, पण माझ्यावरही नजर टाकायची होती. आल्या आल्या तिनं गॅसची बटणं तपासली, फ्रिज उघडून वास घेतला, माझ्या औषधाच्या गोळ्या मोजल्या. मग मागच्या खोलीत गेली आणि झाकणाला नाक लावून कितीतरी वेळ अंड्यांकडे बघत राहिली.

"आईला किती आवडलं असतं, नाही?" ती म्हणाली, आणि पदरानं नाक पुसलं.

मी तिला शेवटच्या दिवसांचा नियम समजावून सांगितला. आजपासून हात लावायचा नाही, झाकण उघडायचं नाही. पन्हळ काठोकाठ भरली आहे. फुल्या वर आहेत, त्या आता शेवटपर्यंत वरच राहणार.

"तुम्ही विसरणार तर नाही ना?" ती म्हणाली, आणि लगेच जीभ चावली.

दुपारी आम्ही जेवून उठलो. ती हात पुसत मागच्या खोलीत गेली आणि तिथूनच तिनं हाक मारली. आवाज अगदी सपाट होता.

"बाबा. जरा इकडे या."

सगळे गोल वर होते.

"मी नाही फिरवली," मी म्हणालो.

"बरं."

"खरंच नाही. मी तुझ्यासमोरच जेवत होतो."

"त्याआधी तुम्ही आत गेला होता. चष्मा आणायला." तिनं हे मऊ आवाजात म्हटलं, आणि त्यानं मला जास्त राग आला. "असू दे बाबा. सवयीचा हात आहे. होतं असं."

होतं असं म्हणजे काय ते मला कळत होतं. ठरावाप्रमाणे मी हरलो होतो. पण त्या क्षणी मला घराचं सुचत नव्हतं, दुकानाचंही नाही. मला काळजी होती ती पिल्लांची. बायकोनं जन्मभर अंडी कोंबडीखाली उबवली. कितवा दिवस, किती दिवस राहिले, हा हिशेब तिनं कधी ठेवलाच नाही, तो कोंबडीच ठेवायची. शेवटी शेवटी कोंबडी अंगाखाली हातच घालू द्यायची नाही, घट्ट बसून राहायची, आणि बायको समजायची. इथं कोंबडी नव्हती. तिला थांबवणारं कुणी नव्हतं. ती तिच्या परीनं ऊब वाटत होती आणि प्रत्येक वाटणीत एखाद्या पिल्लाचा जीव जात होता.

मुलगी जागेवरून हलेना. "तुम्ही बसा, मी भाजी इथंच निवडते," म्हणून तिनं ताट आणलं. मी पेटीकडे तोंड करून बसलो आणि ती माझ्या मागे दारापाशी बसली. ती माझ्यावर लक्ष ठेवून होती आणि मी अंड्यांवर. घरात शेंगा मोडल्याचा आवाज आणि पेटीतल्या पंख्याची घरघर, एवढंच ऐकू येत होतं. बाहेर रस्त्यावरून कुणीतरी गॅसचं सिलिंडर फरफटत नेत होतं.

आणि मग मी पाहिलं. कडेचं एक अंडं हललं. आतून पिल्लानं धक्का दिल्यावर अंडं थरथरतं, तसं नाही. ते सावकाश, बेतानं, कुणीतरी बोटांनी धरून वळवावं तसं वळलं. गोल खाली गेला आणि फुली वर आली. मग त्याच्या शेजारचं वळू लागलं. झाकणाला आतून धरलेल्या वाफेत एक पुसट पट्टा उमटत पुढे सरकत होता.

खोलीतून उठून जावं, मुलीला काही निमित्तानं बाहेर पाठवावं, असं कितीतरी मनात आलं. पण तिसरं अंडं हललं, ते लांबुडकं, आणि मला आत एक बारीकशी चिवचिव ऐकू आली. कवचातून, पाण्याखालून आल्यासारखी.

मी बोललो. मुलगी हातभर अंतरावर असताना, मोठ्यानं, घरातल्या बाईशी बोलतात तसं बोललो.

"अगं, पुरे आता. ऐक माझं. दिवस भरलेत त्यांचे, आता हात लावायचा नाही. तुझी कोंबडी अशा वेळी हातही घालू द्यायची नाही, आठवतंय ना? आता फिरवलीस तर गुदमरतील ती. तू खूप केलंस, सगळी जगवलीस, आता राहू दे. हात काढ तो. काढ बघू."

लांबुडकं अंडं अर्ध्यावर वळलेलं होतं. ते तसंच राहिलं. झाकणावरचा पट्टा हळूहळू वाफेनं भरून गेला.

माझ्या मागे ताट कलंडल्याचा आवाज आला. शेंगा फरशीवर पसरल्या. मी वळून बघितलं नाही, मला तिचं तोंड बघवलं नसतं. थोड्या वेळानं ती उठली, अंगणात गेली, आणि फोनवर नवऱ्याशी बोलताना मला तुकड्या तुकड्यानं ऐकू आलं. "हो… नाही रे, मी स्वतः बघितलं. समोर… नाही, आत्ता काही विचारू नकोस. आल्यावर सांगते." मी शेंगा वेचून ताटात भरल्या. तिची बाजू आता भक्कम होती. सुरुवात कशी होते ते तिनं मला आधीच सांगून ठेवलं होतं.

त्यानंतर अंडी फिरली नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी, दुपारी, संध्याकाळी मी बघितलं. कुठे गोल वर, कुठे फुली वर, ते लांबुडकं अर्धवट तिरकं, सगळं जसंच्या तसं. मुलगीही येऊन बघून जायची. आम्ही दोघं एकमेकांशी फक्त चहा, साखर, आंघोळीचं पाणी एवढ्यापुरतं बोलत होतो.

तिसऱ्या दिवशी पहिल्या अंड्याला भोक पडलं. मग दुसऱ्याला. खोली चिवचिवाटानं भरून गेली. ओली, लिबलिबीत, डोळे मिटलेली पिल्लं कवचातून बाहेर पडून एकमेकांवर कोसळत होती आणि तासाभरात वाळून फुलत होती. मुलगी झाकणाला नाक लावून हसत होती आणि रडत होती. "बाबा, पाय बघा. पाय बघा त्यांचे." सगळ्यांच्या पायांवर बोटांपर्यंत बारीक लव होती. तीन अंडी तेवढी गप्प राहिली, कडेची दोन आणि ते लांबुडकं.

मला आनंद झाला. खरंच झाला. पण तो आनंद कुणाला तरी दाखवावा म्हणून मी मान वळवली आणि तिथं काही नव्हतं. खुर्चीवर हात ठेवला, ती थंड होती. कालही थंड होती, परवाही, मी स्वतःलाच ते कळू दिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी वाळलेली पिल्लं खोक्यात काढून स्वयंपाकघरात ठेवली आणि गप्प राहिलेली तीन अंडी मी मुद्दाम पेटीत तशीच चालू उबेत ठेवली. ती मेलेली होती, त्यांना फिरवून आता कुणाचं काही बिघडणार नव्हतं. तिन्हींच्या फुल्या वर केल्या, खोलीला कुलूप लावलं, आणि दुकानात जाऊन दिवसभर एका भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसलो. संध्याकाळी येऊन कुलूप उघडलं. फुल्या वर होत्या. पन्हळ कोरडी पडली होती. झाकणावरची वाफ सगळीकडे सारखी होती. मी पेटीचं बटण बंद केलं आणि पंखा थांबला. घर इतकं रिकामं मी ती गेली त्या दिवशीसुद्धा पाहिलं नव्हतं.

मुलगी स्वयंपाकघरात माझी वाट बघत बसली होती. तिनं समोरची खुर्ची पुढे केली. तिनं ठरावाचा विषय काढला की काय म्हणायचं ते मी येताना ठरवून आलो होतो. पण तिनं विषय काढला तो असा.

"बाबा, मला एक सांगायचंय. मी त्या दिवशी तुमच्याकडे बघत नव्हते." ती थांबली. "म्हणजे आधी बघत होते. मग तुमच्या खांद्यावरून पलीकडे बघितलं. अंडं फिरताना मी पाहिलं. एक नाही, तिन्ही. आणि तुम्ही सांगितल्यावर थांबलेलंही पाहिलं."

मी तिच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला.

"मी घरी कळवलंय, बाबा येणार नाहीत म्हणून. तो ठराव गेला खड्ड्यात. तुम्ही राहा इथंच. पिल्लं वाढवा, दुकान चालवा. मी येत जाईन." तिनं माझा हात धरला, आणि तिचा आवाज कापत होता. "आई इथं आहे तर मी तुम्हाला कशी नेऊ?"

जे मला हवं होतं ते सगळं तिनं माझ्या हातात आणून ठेवलं होतं. घर, दुकान, माझं शहाणपणसुद्धा. खोक्यात पिल्लं एकमेकांना ढकलत होती, कडेची मधे घुसत होती.

"नको," मी म्हणालो. "येतो मी तुझ्याकडे. पिल्लांना जागा आहे ना मागं?"

"बाबा?"

"हात काढ म्हणालो होतो ना मी तिला," मी म्हणालो. "काढला तिनं, कायमचा. जन्मभरात पहिल्यांदा माझं ऐकलं. तू खोकं घे, मी दार लावतो."